पेनकिलरच्या जोडीची गोळी

मुळशीत, आपल्या नांदे-चांदेकडे, भातलावणी झाली की आजीची कंबर धरते आणि डायक्लोफिनॅकची गोळी निघते. ही गोळी पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करते, त्यातून अल्सर होऊ शकतो. म्हणून डॉक्टर सोबत पँटोप्राझोल देतात. ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी, अख्खी गिळायची. तोडली तर पोटातल्या आम्लात वाया जाते. पण ‘ती आहे ना’ म्हणून पेनकिलर वाढवू नका. मनानेच वर्षानुवर्षं चालू ठेवली, तर बी-१२ कमी होऊ शकतं. पाकिटावरची लाल रेघ तेच सांगते: डॉक्टरांना विचारा. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर गोळी शोधू नका. आजीला घेऊन थेट हॉस्पिटल गाठा!