अमावस्येची रात्र, देवगडचा किनारा

मे संपत आला, वळवाच्या दोन सरी पडून गेल्या, की कोल्हापूरच्या गाड्या रात्री राधानगरीकडे वळतात. काजवा महोत्सव आता घरोघरी ठाऊक झाला आहे. मात्र त्यातून एक समजूत पक्की झाली: किडे पाहायचे तर घाटमाथ्यावरच. ती जरा सैल करायला हवी. कोल्हापूरहून गगनबावडा 55 किलोमीटर. पुढे घाट उतरून वैभववाडी आणि मग देवगडचा किनारा. किड्यांच्या नादी लागलेल्या मुलामुलींनी एखादी रात्र तिथे काढावी.

कारण किड्यांचे राज्य तिथे संपते. शास्त्रज्ञांनी आजवर सुमारे 10 लाख जातींच्या कीटकांची नोंद केली आहे. वाळवंट, बर्फ, तळी, धान्याची कणगी, कीटकांनी काही म्हणता काही सोडलेले नाही. खुल्या महासागरात मात्र कायमचा संसार थाटला तो हॅलोबेटिस नावाच्या पाणकिड्याच्या अवघ्या 5 जातींनी. लाटांच्या पाठीवर ते पळतात आणि तरंगत्या पिसावर, लाकडावर अंडी घालतात. बाकीची सगळी फौज भरतीच्या रेषेपाशी थबकते.

रात्र अमावस्येची निवडावी. आजीची समजूत आधीच काढून ठेवलेली बरी! चांदणे नसले की दिव्यावर पतंग अधिक येतात. दोरीवर ताणलेली पांढरी चादर आणि पुढे एक प्रखर दिवा, एवढ्यावर भागते. दिव्याच्या मोहाने पतंग येतो, असे आपण म्हणत आलो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी निराळेच दाखवले. उडणारा कीटक पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण रात्री आकाशच त्यातल्या त्यात उजळ असते. दिवा शेजारी आला की त्याचे वर-खाली बिघडते आणि तो घिरट्या घालत अडकतो.

आता भरतीचा हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. अमावस्या पंधरावी, म्हणजे साधारण सव्वाअकरा. त्यातही उधाणाची भरती. तेव्हा चादर सुरूच्या झाडांमागेच बांधावी. पहाटे ओहोटी लागून ओली वाळू उघडी पडते. ऊन चढले की तिच्यावर टायगर बीटल धावू लागतात. हा भुंगेरा इतका जोरात पळतो की पळताना त्याला भक्ष्य नीट दिसेनासे होते. मग थांबतो, बघतो, पुन्हा सुटतो.

सहल ऑक्टोबरात निघाली, तर चतुरांच्या झुंडींकडेही लक्ष असू द्यावे. त्यांच्यातली पँटाला फ्लॅव्हेसेन्स ही जात भारतातून मालदीववरून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडले. जेमतेम 5 सेंटिमीटरचा जीव, आणि वाट अरबी समुद्रावरून!

दोन गोष्टी सोबतच्या शिक्षकांसाठी. काळ्या-केशरी रंगाचा, मुंगीसारखा लांबट किडा मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. आणि उजाडण्याच्या बऱ्याच आधी दिवा मालवून चादर हलकेच झटका. नाहीतर तिच्यावर बसून राहिलेल्या पतंगांची न्याहारी कोतवाल पक्षी करतात.