चेहऱ्यामागची खळबळ : वैद्यकीय विद्यार्थी आणि भावनियमन

सर विल्यम ऑस्लर यांनी 1889 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील नवपदवीधरांपुढे केलेल्या भाषणात, कोणत्याही प्रसंगी विचलित न होणे हा वैद्याचा अग्रगण्य गुण मानला; परंतु तो अंगी बाणवताना काळीज निबर होऊ देऊ नये, असेही त्यांनी बजावले होते. पुढील पिढ्यांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा मागे पडला, त्यामुळे भावना आवरणे म्हणजे ती दिसू न देणे, हा समज सीनिअरकडून ज्युनिअरकडे जात राहिला.

भावनियमन म्हणजे मनात उठलेल्या भावनेची तीव्रता, तिचा काळ आणि तिचा आविष्कार यांना वळण देण्याची क्षमता होय. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी तिच्या ज्या रीती वर्णिल्या आहेत, त्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या ठरतात : प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणे, म्हणजे पुनर्मूल्यांकन, आणि उमटू पाहणारी भावना चेहऱ्यावर येऊ न देणे, म्हणजे दमन. अंगावर धावून येणारा नातेवाईक मुळात भेदरलेला आहे हे ओळखणे ही पहिली रीत, तर ओठ घट्ट मिटून उभे राहणे ही दुसरी. दमनाने चेहरा शांत दिसतो, पण शरीरावरचा ताण त्याने उतरत नाही. शिवाय भावना लपवण्यातच अवधान खर्ची पडल्याने त्या वेळी ऐकलेले नीट लक्षात राहत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. रुग्णाची हिस्टरी घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यामुळे हा प्रश्न त्याच्या मनःस्वास्थ्यापुरता उरत नाही, तो निदानापर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत या प्रश्नाला भाषेची जोड मिळते. विद्यार्थी रोग इंग्रजीतून शिकतो आणि रुग्ण आपले दुखणे मराठीतून, वऱ्हाडीतून, अहिराणीतून सांगतो. ‘जीव घाबरा होतो’ या तक्रारीत हृदयाची धडधड असू शकते, धाप असू शकते, निव्वळ धास्तीही असू शकते. ‘अंगावरून जातं’ एवढे म्हणून थांबलेल्या स्त्रीला रक्तस्राव सांगायचा आहे की पांढरे जाणे, हे आवाज खाली आणून, भोवतीचा घोळका थोडा बाजूला सारूनच विचारावे लागते. ज्याला सामाजिक कौशल्य म्हणतात, ते वॉर्डात अशा विचारण्यातच असते, आणि मनातून गडबडलेल्या विद्यार्थ्याला नेमके तेच जमत नाही.

भारतीय वैद्यक परिषदेने 2019 पासून लागू केलेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग अंतर्भूत केला, हे स्वागतार्हच आहे. मात्र सकाळी वर्गात सहानुभूतीचा धडा आणि दुपारी राउंडवर सर्वांदेखत पाणउतारा, असे जेथे घडते, तेथे दुसरा धडाच पक्का होतो. विद्यार्थी डोळ्यांनी शिकतो. रुग्ण दगावल्यावर युनिटमधील ज्येष्ठ डॉक्टर नातेवाइकांसमवेत खाली बसतो की कागदावर सही करून पुढच्या खाटेकडे वळतो, हे तो टिपत असतो. त्याच रात्री ड्यूटीरूममध्ये, ज्या विद्यार्थ्याने आयुष्यात प्रथमच मृत्यू पाहिला, त्याला कोणी जवळ बसवून ‘जेवलास का?’ असे विचारले, तर भावनियमनाचे शिक्षण तेथून सुरू होऊ शकते. आणि त्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास लागत नाही.