वऱ्हाडच्या कापसाची जलवाट

गोदावरी म्हटले की आपल्याला त्र्यंबकेश्वर, पैठण, नांदेड आठवते. वऱ्हाडचा कापूस नावांत भरून याच नदीने बंगालच्या उपसागरापर्यंत नेण्याचा बेत एकेकाळी होता, हे मला १९८८ साली नोकरीनिमित्त सिरोंचाला जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

बेत सर आर्थर कॉटन यांचा. आंध्रात धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला आणि त्याच्या कालव्यांतून शेतीला पाणीही मिळू लागले, नावाही चालू लागल्या. मग त्यांची नजर नदीच्या वरच्या अंगाला गेली. वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून मुंबईला जाई. वर्धा, प्राणहिता, गोदावरी ही वाट त्याहून कितीतरी स्वस्त पडली असती.

अडचण खडकांची होती. प्राणहितेवर देवलमरी, पुढे गोदावरीवर इंचमपल्ली आणि सर्वांत खाली, भद्राचलमच्या थोडे वर, दुम्मगुडेम. दुम्मगुडेमला नदीत आडवा दगडी बंधारा घालून काठाने कालवा काढला. तुंबलेले पाणी कालव्यात शिरे. त्याबरोबर आलेली नाव दोन दरवाज्यांच्या हौदात, म्हणजे लॉकमध्ये, थांबे. मागचा दरवाजा लावून हौदातले पाणी पुढे सोडले की नाव अलगद खाली उतरे. खडक बाजूलाच राहत.

युक्ती बिनतोड, पण नदी उन्हाळ्यात आटणारी. नावा चालणार त्या वर्षातले काही महिनेच. दाट जंगलात मजूर मिळत नसत आणि मिळाले तर तापाने अंथरूण धरत. कॉटनसाहेबांचे पुतळे आज आंध्रात आहेत. दगड वाहणाऱ्या त्या माणसांतल्या एकाचेही नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही.

इकडे १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाने गाडी धरली. १८७१ मध्ये सरकारने जलमार्गाचे काम थांबवले. रेल्वेपेक्षा पाणी स्वस्त, हे कॉटन जन्मभर सांगत राहिले. हिशेब त्यांचा खोटा नव्हता, नदी चुकीची निवडली होती, असे मला वाटते. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. त्याची नदीची वाट गेली, आणि रेल्वे तर तिथे आजही नाही.

तेव्हा पूलही नव्हता. पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याला मी ही सगळी हकिगत सांगितली. तो हसला. म्हणाला, ‘‘समुद्रापर्यंत कोण जातंय, साहेब? बसा, कालेश्वरमला सोडतो.’’