एकाच सहलीत कडा आणि मकबरा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या उरवाई कड्यात भव्य जैन मूर्ती आहेत. पंधराव्या शतकात, हिंदू तोमर राजांच्या कारकिर्दीत त्या कोरल्या गेल्या. १५२८ मध्ये बाबर येथे आला. त्याने मानसिंह तोमराच्या राजवाड्याची वाखाणणी केली आणि या मूर्ती फोडण्याचा हुकूमही दिला. दोन्ही गोष्टी त्याच्याच आत्मचरित्रात आहेत.

त्याच शतकात सूफी शेख मुहम्मद गौस यांनी ‘अमृतकुंड’ हा योगग्रंथ फारसीत आणला. त्यांचा मकबरा याच शहरात आहे आणि शेजारीच तानसेनाची कबर.

वर्गात मी वर्षानुवर्षे तानसेनाविषयी बोलत आलो. वाद नको म्हणून मूर्तींचा विषय टाळत आलो. एकदा एका जैन विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्या मूर्तींबद्दल तुम्ही कधीच का बोलत नाही?” मला उत्तर देता आले नाही. माझा सलोखा तिला वगळून उभा होता.

तेव्हापासून मी मुलांना कडा आणि मकबरा एकाच दिवशी दाखवतो. प्रश्न अवघड येतात. पण आता ते सगळ्यांसमोर विचारले जातात. शिक्षक मित्रांनीही हे करून पाहावे, एवढीच विनंती.