गल्ला आणि घर : छोट्या धंद्याचे अंदाजपत्रक

(आषाढ पौर्णिमेस वर्षावास प्रारंभाच्या कार्यक्रमात बुद्धविहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलण्यासाठी विषय दिला आहे तो लहान धंद्याच्या अंदाजपत्रकाचा. मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. गेली पंचवीस वर्षे शाळांचे गणवेश शिवून देण्याचा माझा धंदा आहे. तीन मशिनी, एक ओव्हरलॉक, सीझनला पाच-सहा कारागीर, एरवी दोन. तेव्हा जे सांगेन ते कापड, काज-बटण आणि उधारी यांच्याच भाषेत सांगेन.

आपल्यापैकी बहुतेकांचे वडील नोकरीत होते. कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेत. घरात पैसा यायचा तो पगाराच्या दिवशी आणि हिशेब असायचा तो महिन्याचा. आई वाण्याचे देणे, खोलीचे भाडे, भिशी बाजूला काढायची आणि उरलेल्यात महिना ढकलायची. ते उत्तम अंदाजपत्रक होते, कारण पुढचा पगार ठरलेला होता. धंद्यात तो ठरलेला नसतो. ज्यांच्या घरात तीन-तीन पिढ्यांची पेढी आहे, त्यांच्या मुलांना हे जेवताना कानावर पडून कळते. आपण धंद्यात पहिलेच. आपल्याला ते ठेच लागून कळले.

माझी ठेच २००९ सालची. दोन शाळांची ऑर्डर हातात होती. मार्चमध्ये एका शाळेने काही रक्कम आगाऊ दिली, ती गल्ल्यात पडली. एप्रिलमध्ये जयंती आली. मंडळाने वर्गणीदारांच्या यादीत माझे नाव वर घातले होते. ते वरच राहावे म्हणून मोठी रक्कम दिली. मे महिन्यात धाकट्या बहिणीचे लग्न. कोणाला विचारले नाही, कुठे लिहिले नाही. गल्ला आपला, बहीण आपली. मग कापड आणायला गेलो तर पैसे कमी. व्यापाऱ्याने उधारीचा भाव लावला, म्हणजे मीटरमागे जादा. कारागिरांच्या मजुरीसाठी शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलले. माल वेळेवर दिला. एका शाळेने बिल चुकते केले ते दिवाळीनंतर. मित्रहो, तोपर्यंतचे सर्वांत जास्त गणवेश मी त्या सीझनला शिवले आणि त्याच वर्षी पत्नीच्या पाटल्या विकल्या. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, “अहो, इतकी ऑर्डर होती, मग पैसे गेले कुठे?” मला उत्तर देता आले नाही. लिहिलेलेच नव्हते.

धंदा तोट्यात नव्हता. घर आणि धंदा एकाच गल्ल्यातून खात होते, हा खरा रोग होता.

आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो, परंतु ते मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी. ब्रिटिश अमदानीतील प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातील अंदाजपत्रकाचा व्यवहार कसकसा बदलत गेला, याची त्यात तपासणी आहे. आधी सगळे उत्पन्न मध्यवर्ती सरकारचे आणि खर्च करायचा प्रांतांनी. ज्याला उत्पन्नाची काळजी नाही, तो काटकसर कशाला करील? जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळायचे. पुढे लॉर्ड मेयोच्या काळात, १८७१ पासून, प्रांतांना काही खात्यांसाठी ठरावीक रक्कम नेमून देण्यात आली. वाचवाल ते तुमचे, कमी पडले तर तुम्हीच भागवा. हे प्रकरण वाचताना मला माझा गल्ला दिसला. त्यात लग्न ओरडत होते, वर्गणी ओरडत होती. कापड मात्र ओरडत नव्हते, म्हणून त्याचे पैसे गेले.

म्हणून अंदाजपत्रकात पहिली ओळ लिहायची ती मालकाच्या पगाराची. आपण धंद्याचे मालक असलो तरी घरासाठी आपण त्याचे पगारदार आहोत. पगार एक तारखेला घ्यायचा आणि महिनाभर गल्ल्याला हात लावायचा नाही. हल्ली तर गल्ला दिसतही नाही. गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकते, ते जातात आपल्या बचत खात्यात आणि त्याच खात्यातून मुलांची फी आणि गॅस सिलिंडर. आधी धंद्याचे खाते वेगळे करा. कोड त्या खात्याचा लावा.

आता आकडे. समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतो. दुकानाचे भाडे ६,०००, वीज १,५००, मदतनीस ८,०००, बँकेचा हप्ता ३,५००, फोन-दुरुस्ती १,०००, मालकाचा पगार १५,०००. एकूण महिना ३५,०००. एक गणवेश शिवला नाही तरी हा खर्च आहेच. एक जोड विकला ७०० रुपयांना. त्यात कापड ३२०, मजुरी १८०, धागा-बटण-पॅकिंग २५, म्हणजे ५२५ गेले, हातात १७५. पस्तीस हजारांना १७५ ने भागा. महिन्याला २०० जोड, वर्षाला २,४०० गेले तर बरोबरी.

पण गणवेश दरमहा २०० जात नाहीत. मे, जून, जुलै या तीन महिन्यांत १,८०० जातात आणि उरलेल्या नऊ महिन्यांत मिळून ६००. सीझनची कमाई ३,१५,०००, त्यातून तीन महिन्यांचा खर्च १,०५,००० वजा केला तर जुलैअखेर २,१०,००० दिसतात. माणसाला वाटते, गाडी घ्यावी. ते पैसे आपले नाहीत. पुढच्या नऊ महिन्यांत फुटकळ कामातून तीन महिन्यांचा खर्च निघेल. राहिलेल्या सहा महिन्यांचे भाडे, पगार आणि हप्ते म्हणजे हे दोन लाख दहा हजार. म्हणून आपले अंदाजपत्रक बारा महिन्यांचे हवे, बारा रकाने आखलेले.

दुसरा तक्ता पैशाच्या तारखांचा. १,८०० जोडांचे कापड ५,७६,००० रुपयांचे, ते मार्च-एप्रिलला उचलायचे. शाळेचा पैसा कधी येणार? २००६ च्या कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे बिल, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाही. उशिराचे व्याज मागता येते. नोंदणी जरूर करा. पण खरे सांगतो, कायदा दाखवून पुढच्या वर्षीची ऑर्डर घालवायची माझी छाती झाली नाही. मी तक्त्यात शाळेचा पैसा ऑक्टोबरच्या रकान्यात लिहितो आणि मधली तूट किती ते जानेवारीतच काढतो. जानेवारीत कळले तर बँकेत जाता येते. मुद्रा योजनेत २०१५ पासून तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. मे महिन्यात कळले तर सावकाराशिवाय कोण उभे राहणार? शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. सातशे रुपयांच्या विक्रीचे असे भाग होणार नाहीत, कारण ५२५ आधीच गेलेले असतात. पण उरलेल्या १७५ ला लावून पाहा. मघाशी मी पस्तीस हजारांचा हिशेब मांडला आणि तुम्ही माना डोलावल्या. त्यात चौथा भाग होता का? नव्हता. तीन भागांना ३५,००० लागत असतील तर चौथ्याला साडेअकरा हजारांच्या वर हवेत, म्हणजे महिन्याला आणखी ६७ जोड. तेवढे काम नसेल तर मालकाचा पगार कमी करा. मी सुरुवात केली ती महिना दोन हजारांनी.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा या चौथ्या भागात पाच महिन्यांचा खर्च जमला होता. त्या जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत. कापडाचे ताके भिंतीला तसेच उभे. स्वतःचा पगार निम्म्यावर आणला, मास्क शिवले, पण मदतनिसाचा पगार चुकवला नाही आणि व्याजाने एक रुपया आणला नाही. आजूबाजूची दोन दुकाने त्या वर्षी बंद झाली. त्यांचे हात माझ्यापेक्षा चांगले होते.

अंदाजपत्रक एकदा लिहून कपाटात ठेवले की ते जुने कॅलेंडर होते. दर शनिवारी दुकान बंद केल्यावर अर्धा तास बसायचे. तीन रकाने: अंदाज, प्रत्यक्ष, फरक. फरकापुढे एका ओळीत कारण. ‘वीज ६०० जादा, पंखा रात्री चालू राहिला.’ अशी कारणे वाचूनच पुढच्या वर्षीचा अंदाज सुधारतो. उधारीच्या नोंदी नावाप्रमाणे नकोत, तारखेप्रमाणे हव्यात. जुनी उधारी वर दिसली पाहिजे. आणि ही बैठक एकट्याने करू नका. माझ्याकडे वही पत्नीच्या हातात आहे. गल्ल्यातून पैसे घ्यायचे झाले तर मला तिच्याकडून लिहून घ्यावे लागते आणि मोठ्या माणसाला त्याची लाज वाटते, हा मोठाच फायदा.

आता वर्गणीचे. कार्यकर्ते माझ्याकडे पाहत आहेत. वर्गणी आणि दान मी आजही देतो, पण घरच्या पगारातून. या स्मरणिकेत जाहिरात दिली ती धंद्याच्या खर्चात धरली आहे, कारण ती वाचून दोन गिऱ्हाइके येतील अशी आशा आहे. पण ज्या मुलाने या वर्षी नवीन दुकान टाकले असेल, त्याच्याकडे एप्रिलमध्ये पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका, एवढी विनंती. तेव्हा त्याच्या गल्ल्यात कापडाचे पैसे असतात.

माझी २०१० ची पहिली वही बरोबर आणली आहे. आखणी साधी आहे. ज्यांना उतरवून घ्यायची असेल त्यांनी भोजनदानानंतर मागच्या खोलीत यावे. पट्टी आणि पेन्सिल मी आणली आहे.

जयभीम!