प्रयोगशाळेतील उष्ण हवेची भट्टी

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे गाव आहे. इतिहासाच्या वाचकाला ते टिपू सुलतानचे जन्मस्थान आणि तेथील दगडी किल्ला यांमुळे ठाऊक असते, तर फळांच्या जाणकाराला तेथील पपनसांमुळे. 24 मे 2008 रोजी बंगळूरचा नवा विमानतळ याच तालुक्यात सुरू झाला आणि प्रवाशांनाही हे नाव परिचित झाले. गावाभोवतीची जमीन तांबडी आहे. धावपट्टी असो, रस्त्याचा भराव असो वा घराचा पाया असो, ही माती दाबून बसवायची तर तिच्यात पाणी किती आहे हे आधी कळले पाहिजे. पपनसाच्या बागेला कोणते अन्नद्रव्य कमी पडते हे ठरवायचे, तर झाडाची पाने वाळवून तपासावी लागतात. ही दोन्ही कामे ज्या साध्या पेटीत होतात, ती प्रयोगशाळेतील उष्ण हवेची भट्टी, म्हणजेच ओव्हन, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते : वहन, अभिसरण आणि प्रारण. या भट्टीत मुख्य काम अभिसरणाचे असते. विजेच्या तारांनी तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, नमुन्यांना उष्णता देते, त्यांच्यातील वाफ उचलते आणि वरच्या झरोक्यातून काही अंशी बाहेर पडते. तिची जागा खालून येणारी ताजी हवा घेते. काही भट्ट्यांत हे अभिसरण आपोआप होते, तर काहींत पंखा हवा फिरवतो. पंख्याच्या भट्टीत तापमान अधिक समान राहते आणि वाळवण लवकर होते. मात्र बारीक भुकटी उडून जाण्याचा संभव असल्याने तशा नमुन्यांना पंखा नसलेली भट्टीच बरी. दोन्ही प्रकारांत झरोका बंद ठेवला, तर वाफ आत कोंडते आणि वाळवण रेंगाळते.

भट्टीची मांडणी हे कारागिराचे काम समजून तिकडे दुर्लक्ष केले जाते, ते योग्य नव्हे. भट्टी समतल, भक्कम आणि न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावी. भिंत आणि भट्टी यांत निर्मात्याने सांगितले असेल तेवढे अंतर मोकळे सोडावे. वर कागद, खोकी वा वह्या ठेवू नयेत. द्रावकांचे कपाट आणि वायूची टाकी तिच्यापासून दूर असावीत. 2 किलोवॉटची भट्टी 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह घेते. म्हणून 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. तिला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, योग्य जाडीची तार आणि तपासून घेतलेले अर्थिंग हवे. जोडतारेला मध्येच दुसरी तार जोडून लांबवू नये. नवी भट्टी प्रथम रिकामीच तापवावी. आतील तेलकट लेप जळून थोडा धूर येतो, म्हणून त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भट्टी जुनी असेल, तर तिच्या भिंतीत किंवा दाराच्या पट्टीत अ‍ॅस्बेस्टस असण्याचा संभव असतो. ते कुरतडू नये, उकरू नये आणि तसल्या हातमोज्यांचा वापरही करू नये.

आता भट्टी चालू झाली, दर्शनी भागावर 105 हा आकडा उमटला, आणि कार्यकर्ता निश्चिंत झाला. नेमकी येथेच पहिली चूक होते. तो आकडा भट्टीत एका ठिकाणी बसवलेल्या तापदर्शकाचा आहे, नमुन्याचा नव्हे. तारेजवळची जागा अधिक तापलेली आणि दाराजवळची कमी तापलेली असू शकते. म्हणून वापरापूर्वी भट्टीची परीक्षा घ्यावी लागते. आठ कोपऱ्यांजवळ आठ आणि मध्यभागी एक, अशा नऊ ठिकाणी स्वतंत्र तापमापक ठेवून तापमान स्थिर झाल्यावर नोंदी घ्याव्यात. पाऱ्याचा तापमापक फुटला तर विषारी वाफ होते. त्यामुळे विद्युत तापमापक पसंत करावा. जी जागा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही, ती वापरू नये. तापमान बेफाम वाढल्यास वीज तोडणारी वेगळी संरक्षक कळ भट्टीला असेल, तर तीही योग्य आकड्यावर लावून चालते की नाही हे पाहावे.

या काळजीचे मोल एका उदाहरणाने समजेल. मातीतील पाणी मोजण्यासाठी भारतीय मानक 2720 च्या 1973 च्या दुसऱ्या भागात 105 ते 110 अंश सेल्सियस तापमान सांगितले आहे. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे; तेथे पाणी सुमारे 97 अंशांवरच उकळते. म्हणून कोणी म्हणेल की तेथे 100 अंश पुरेसे आहेत. तसे नाही. मातीच्या कणांना चिकटलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे सहज निघत नाही; शिवाय सर्व प्रयोगशाळांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहता यावीत यासाठीच मानक असते. उलट तापमान फार वाढवले, तर मातीतील सेंद्रिय द्रव्य जळू लागते. जिप्समसारख्या खनिजाला कमी उष्णतेतही आपल्या घडणीतले पाणी गमवावे लागते. तशा मातीसाठी आणखी कमी तापमान वापरतात.

समजा, डबी धरून ओल्या मातीचे वजन 62.40 ग्रॅम आणि रिकामी डबी 22.40 ग्रॅम आहे. म्हणजे माती 40 ग्रॅम. पूर्ण वाळल्यावर डबीसह वजन 57.60 ग्रॅम भरले. पाणी 4.80 ग्रॅम आणि कोरडी माती 35.20 ग्रॅम, म्हणून पाण्याचे प्रमाण 13.6 टक्के. आता भट्टीच्या कोपऱ्यात ऊब कमी पडल्याने 0.40 ग्रॅम पाणी राहून गेले, तर तेच प्रमाण 12.4 टक्के दिसेल. ओल्या भरावाची घनता दर घन सेंटिमीटरला 2.00 ग्रॅम असेल, तर खऱ्या आकड्याने कोरडी घनता 1.76 येते आणि चुकीच्या आकड्याने 1.78. कंत्राटात 1.77 ची अट असेल, तर नापास व्हायचा भराव उत्तीर्ण ठरतो. कोणी खोटे बोललेले नसते, तरी कागदावर खोटे उमटलेले असते, आणि त्याचे ओझे पुढे वर्षानुवर्षे तो रस्ता वाहतो.

म्हणूनच वाळवण किती तास झाले, यापेक्षा वजन स्थिर झाले का, हे पाहावे. पुष्कळ मातींना 16 ते 24 तास लागतात. दख्खनची काळी चिकट माती याहून जास्तही घेते. डब्यांमध्ये मोकळी जागा ठेवावी, जाळीदार फळ्या कागदाने वा पत्र्याने झाकू नयेत, आणि भट्टीच्या तळावर काहीही ठेवू नये, कारण तापणाऱ्या तारा बहुधा तेथेच असतात. वाळत आलेल्या नमुन्यांशेजारी नवे ओले नमुने ठेवले, तर जुने पुन्हा ओल घेतात. रात्रीतून वीज गेली आणि परत आली, तर मधले तास धरू नयेत. गरम डबी थेट तराजूवर ठेवणेही चूकच. वर चढणारी उष्ण हवा वजन कमी दाखवते. डबी आधी सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये थंड करावी. पपनसाची पाने मात्र 65 ते 70 अंशांवरच वाळवतात. 105 अंशांवर ती करपतात.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो द्रावकांच्या वाफेचा. अ‍ॅसिटोनने धुतलेली काचेची भांडी लवकर वाळावीत म्हणून कोणी ती थेट भट्टीत ठेवतो. अ‍ॅसिटोनची वाफ हवेत सुमारे अडीच टक्के झाली की ती पेट घेण्याजोगी होते. 100 लिटरच्या भट्टीत एवढी वाफ होण्यास सुमारे 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर अ‍ॅसिटोन पुरतो. तापलेली तार किंवा थर्मोस्टॅटची ठिणगी हे पुढचे काम करते, आणि भट्टीचे दार उडते. ईथर 160 ते 180 अंशांच्या आसपास ठिणगीवाचूनही पेटतो. कार्बन डायसल्फाइड तर 100 अंशांच्या जवळपासच. साधी भट्टी अशा वाफांसाठी बनवलेली नसते. द्रावकाने धुतलेली भांडी आधी वायुनिष्कासनाच्या कपाटात पूर्ण कोरडी करावीत, मगच ती भट्टीत न्यावीत. बंद बाटल्या आणि न ओळखणारी रसायने आत ठेवू नयेत. काही प्लॅस्टिके 105 अंशांवरच मऊ पडतात. कामगारांचा जेवणाचा डबा तर कदापि नको, कारण काल त्या फळीवर काय होते हे डब्याला ठाऊक नसते.

भट्टीशी काम करताना सुती ॲप्रन, उष्णतारोधक हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असावा. सैल ओढणी वा पदर खोचून घ्यावा. दार उघडताना तोंड बाजूला ठेवावे, म्हणजे गरम हवेचा लोट अंगावर येत नाही. रात्रभर चालणाऱ्या भट्टीच्या दारावर नमुना, तापमान, सुरुवातीची वेळ आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिलेले असावे. आतून धूर दिसला, तर दार उघडू नये. उघडल्याने आगीला ताजी हवा मिळते. भट्टीपासून दूर असलेल्या मुख्य कळीने वीज बंद करावी, इतरांना सावध करावे आणि आग आपोआप शमू द्यावी. भाजलेला भाग थंड वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. त्यावर शाई, लोणी वा टूथपेस्ट लावू नये. इजा मोठी असल्यास डॉक्टरकडे न्यावे.

श्रोतेहो, या साध्या पेटीत फारसे चातुर्य नाही. ती सांगितलेले करते आणि न सांगितलेलेही करते. तिच्या दर्शनी आकड्यावर विसंबून न राहता ज्याने तिचे कोपरे मोजले, वजन स्थिर होईपर्यंत थांबला आणि आत काय ठेवतो हे ओळखले, त्याच्याच नोंदवहीतील आकडा भरवशाचा. देवनहळ्ळीच्या मातीवर उद्या कोणी घर बांधील, कोणी बाग लावील. त्या दोघांनाही आज रात्री चालू असलेल्या त्या भट्टीची आठवण येणार नाही. तशी ती येऊ नये, हेच चांगल्या कामाचे लक्षण.