हानलेचा क्रौंच आणि आपला कॅमेरा



वाळवंट म्हटलं की आपल्याला जैसलमेर आठवतं, उंट आठवतात, वाळूच्या टेकड्या आठवतात. आज मी ज्या वाळवंटाविषयी बोलणार आहे, ते समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पटींहूनही उंच. लडाखच्या पूर्वेकडचं हे पठार, चांगथांग. झाड नावाला नाही. हिवाळ्यात नद्या गोठतात आणि उन्हाळ्यातही ढग आडवा आला की अंगावरचं जाकीट काढल्याचा पश्चात्ताप होतो. खालच्या लेह शहरात वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम 100 मिलिमीटर भरतो. महाबळेश्वरात जुलैतल्या एखाद्या दिवसात त्याहून जास्त पाऊस कोसळून जातो.

मग अशा जागी पाखरं जातातच कशाला? जातात ती पाण्यासाठी. आभाळातून पाणी पडत नसलं तरी डोंगरावरचं बर्फ वितळून ते खाली येतं. ते पसरतं तिथे हिरवीगार पाणथळ कुरणं तयार होतात, कीटक माजतात, आणि तीन-चार महिन्यांत पिलं वाढवून निघून जाण्याइतकी शिधासामग्री साचते. त्सो कार हे त्याचं उत्तम उदाहरण. मोठं तळं इतकं खारट की काठावर मिठाचा पांढरा थर दिसतो. त्याच्या शेजारीच स्टार्टसापुक त्सो हे गोड्या पाण्याचं छोटं तळं. या जोडतळ्यांना 2020 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पट्टकदंब, चक्रवाक, मोठ्या तुरेवाल्या पाणबुड्या, तपकिरी डोक्याचे कुरव हे सारे उन्हाळ्यात चांगथांगच्या तळ्यांवर घरटी करतात. हिवाळ्यात जे पक्षी आपण उजनीला, जायकवाडीला किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर पाहुणे म्हणून पाहतो, त्यांचा संसार इथल्यासारख्या उंच तळ्यांवर चालतो.

पण नुसत्या पाण्याकडे पाहत बसू नका. कोरड्या, दगडगोट्यांच्या माळावर चालत राहिलात की जमीनच हलू लागते. शिंगाळा चंडोल पायाजवळून धावत सुटतो. रणगोजा दगडावर चढून शेपटी हलवतो. पाइका नावाचे, सशाचे छोटे भाऊबंद असलेले प्राणी इथे बिळं करून राहतात, आणि त्यांच्या बिळांत हिमचिमण्या घरटी करतात. झाड नाही, तेव्हा जमिनीखालचं घर बरं. तिबेटी पखुर्डी बसली की वाळूत अशी मिसळते की दुर्बीण खाली करून पुन्हा लावली तर ती पुन्हा सापडत नाही.

आता छायाचित्रणाविषयी. सखल प्रदेशातल्या जंगलात आपण झाडाआड उभे राहतो, झुडपातून लेन्स काढतो. इथे आडोसा नाही. पक्ष्याला आपण किलोमीटरभरावरूनच दिसलेले असतो. त्यामुळे लपण्याची कला इथे कामाची नाही, बसण्याची आहे. वाऱ्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, हालचाल थांबवायची आणि पक्ष्यालाच ठरवू द्यायचं. रस्त्यावर गाडी उभी करून तिच्यातूनच फोटो घेतले तर बरेचदा पक्षी अधिक शांत राहतात, कारण गाडीची त्यांना सवय असते, उतरलेल्या माणसाची नसते.

उन्हाचं म्हणाल, तर इथली हवा विरळ आणि स्वच्छ. पहाटेचा उजेड असा धारदार की पिसन्‌पिस मोजून घ्यावं. पण सूर्य वर आला की जमीन तापते, वरची हवा थंडच राहते, आणि दोन्हींच्या मधली हवा थरथरू लागते. लांबच्या लेन्समधून पाहिलं तर पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा डळमळतो. नवखे लोक लेन्सला दोष देतात. दोष हवेचा असतो, आणि कितीही महागडी लेन्स त्यावर उपाय नाही. साडेनऊ-दहा वाजले की कॅमेरा ठेवून द्यावा आणि दुर्बिणीने नुसतं पाहावं, हे माझं ठाम मत आहे. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. गार कॅमेरा एकदम उबदार खोलीत उघडू नये, काचेवर दव धरतं. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट: लेहला पोचल्यावर दोन-तीन दिवस काहीही न करता राहावं. पक्षी कुठे पळून जात नाहीत. विरळ हवेचा त्रास मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

आता ज्याच्यासाठी आज बोलायला बसलो, त्याच्याकडे येतो. काळ्या मानेचा क्रौंच. राखट पांढरं अंग, काळी मान, काळी शेपटी आणि माथ्यावर लाल कातडीचा ठिपका. जगातल्या क्रौंचांच्या 15 जातींपैकी विज्ञानाला सर्वांत शेवटी माहीत झालेली ही जात. रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की यांनी 1876 मध्ये तिचं वर्णन केलं. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1976 मध्ये, आपले पक्षितज्ज्ञ सालिम अली या क्रौंचांच्या शोधात लडाखला गेले. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. त्या वयात, त्या काळातल्या रस्त्यांनी, एका पक्ष्याचं काय चाललंय हे पाहायला इतक्या उंचावर जाणं, याला मी भक्ती म्हणतो. दुसरा शब्द मला सुचत नाही.

रेडिओवर मला तुम्हाला छायाचित्र दाखवता येत नाही, पण या पक्ष्याच्या बाबतीत त्याची मला खंत वाटत नाही. कारण चांगथांगमधल्या हानलेच्या कुरणात क्रौंच बहुधा आधी ऐकू येतो. नर आणि मादी शेजारी उभे राहतात, माना उंच करतात आणि आळीपाळीने साद घालतात, इतक्या अचूक की एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. आवाज खणखणीत, कर्ण्यासारखा. त्या मोकळ्या पठारावर तो दूरवर जातो. कुठल्याही फोटोत हे येत नाही.

ही जोडी वसंतात येते. मे-जूनमध्ये दलदलीतल्या एखाद्या बेटावर, चहूबाजूंनी पाणी असेल अशा जागी, गवताच्या ढिगावर साधारण दोन अंडी घालते. महिनाभर दोघं आळीपाळीने उबवतात. पिलांना उडता येईपर्यंत उन्हाळा संपत येतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुटुंब निघून जातं. म्हणजे वेळ मोजून मापून मिळालेला. एक वीण फसली की ते वर्ष गेलं.

आणि ती फसते कशी? घरट्यावरचा क्रौंच माणूस जवळ आला की उठतो. अंडी उघडी पडतात, गार वाऱ्यात निवतात, डोमकावळ्याला दिसतात. पण सर्वांत मोठा धोका भटक्या कुत्र्यांचा. छावण्यांभोवती, गावांभोवती, पर्यटकांच्या तंबूंभोवती खरकटं वाढलं, तशी कुत्रीही वाढली. ती पाण्यातून घरट्यापर्यंत जातात, अंडी आणि पिलं खातात. चांगपा पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या या पक्ष्यांच्या शेजारी आपल्या पश्मिना शेळ्या आणि याक चारत आले. बौद्ध लडाखात क्रौंच पवित्र मानला जातो, मठांच्या भिंतींवर त्याची चित्रं आहेत. तिथे त्याला कोणी दगड मारत नाही. घात होतो तो आपल्या उष्ट्यामुळे आणि आपल्या घाईमुळे. म्हणून मी घरट्याचा फोटो काढत नाही, कोणी काढलेला असेल तर त्याचं कौतुकही करत नाही. लांबून, मागे अख्खं कुरण, त्यामागे तपकिरी डोंगर आणि त्यात नखाएवढे दोन क्रौंच, अशी चौकट मला जास्त खरी वाटते. त्या पक्ष्याभोवती एवढी जागा आहे म्हणूनच तो आहे, हे तिच्यात दिसतं.

लडाखला जाणं सर्वांना जमेल असं नाही. पण पट्टकदंब तर आपल्याकडेच येतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडतो. संशोधकांनी यंत्रं बसवून माग काढला, तेव्हा एका पक्ष्याची उंची 7,290 मीटर भरली. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. मंगोलियात मानेत पट्टी घातलेले पट्टकदंब दक्षिण भारतातल्या तळ्यांवर दिसले आहेत. येत्या जानेवारीत उजनीला गेलात, तर नावेत बसण्याआधीच नावाड्याशी बोलून घ्या: थवा उडवायचा नाही, नाव त्यात घालायची नाही, लांबच थांबायचं. उडत्या थव्याच्या फोटोचा आग्रह आपण सोडला, तर नावाडीही आनंदाने थांबेल. मग काठावर चरणारे ते हंस मान वर करून एकदा तुमच्याकडे बघतील आणि पुन्हा गवताला लागतील. कॅमेरा त्यानंतर उचला.